जाड कार्पेटवरचे टॉवर स्पीकर आणि परवडणारे आयसोलेशन पाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं 15 ते 40 किलो वजनाच्या उभ्या टॉवर स्पीकरसाठी आहेत. आयसोलेशन पाय म्हणजे स्पीकरची कंपनं जमिनीत उतरू न देणारे रबराचे किंवा स्प्रिंगचे पाय. जाड कार्पेट म्हणजे खालच्या फोमसकट 12 मिमी किंवा त्याहून जाड, भिंतीपासून भिंतीपर्यंत घातलेलं. अमेरिका-इंग्लंडमधल्या घरांत ते सर्रास असतं, पुण्या-मुंबईत मुख्यतः होम थिएटरच्या खोलीत. सुट्या गालिच्याचं वेगळं उत्तर पुढे आहे.

कार्पेट मुळातच मऊ असतं. मग आणखी आयसोलेशन कशाला?

मऊ असणं वेगळं आणि स्प्रिंग म्हणून नीट काम करणं वेगळं. कार्पेटची लव आणि फोम स्पीकरच्या पुढच्या पायांखाली जास्त दबतात, कारण ड्रायव्हरचे, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागांचे, चुंबक पुढच्या बाजूला असतात. दोन-चार आठवड्यांत ती जागा आणखी चेपते आणि स्पीकर पुढे झुकतो. पायांत 200 मिमी अंतर असेल आणि एक बाजू फक्त 5 मिमीने जास्त रुतली, तर एक मीटर उंचीवरचा ट्विटर (उंच स्वरांचा ड्रायव्हर) 25 मिमीने सरकतो. शिवाय कॅबिनेट हाताने हलवलं तर डुगडुगतं. बासच्या ड्रायव्हरचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा खोक्याला मागे जायला वाव मिळतो, आणि बास ढिला वाटतो.

म्हणून जाड कार्पेटवर पहिलं काम स्पीकर पक्का उभा करण्याचं. आयसोलेशन त्यानंतर. बाजारात मिळणारे बहुतेक आयसोलेशन पाय टणक पृष्ठभाग गृहीत धरून बनवलेले असतात. ते थेट कार्पेटवर ठेवले तर एका स्प्रिंगखाली दुसरी स्प्रिंग लागते, दोन्हींचं दबणं बेरजेत येतं आणि झुलणं वाढतं.

स्पाइक (धातूचे टोकदार पाय) लावू की आयसोलेशन पाय?

कार्पेटखाली काय आहे त्यावर हे ठरतं. स्पीकरच्या जागी चवड्यांवर उभे राहा आणि टाचा जोरात खाली टाका. शेजारच्या कपाटातली भांडी खुळखुळली किंवा जमीन हलल्याचं जाणवलं, तर खाली लाकडी तुळयांवरची जमीन आहे. नुसता 'ठप्' आवाज आला आणि काही हललं नाही, तर काँक्रीट.

काँक्रीटवर कार्पेट असेल तर पुरेशा लांबीचे साधे स्टीलचे स्पाइक बहुतेकांना पुरतात. कार्पेट आणि फोम भेदून ते स्लॅबवर टेकतात, स्पीकर हलायचा थांबतो, आणि खर्चही कमी. यापुढे आयसोलेशनवर पैसे घालून मिळणारा फरक थोडा असतो. तेवढ्याच कष्टात स्पीकर मागच्या भिंतीपासून 10 सेंमी पुढे-मागे करून पाहिलेत तर जास्त फरक ऐकू येईल.

लाकडी जमिनीवर गोष्ट उलटी. स्पाइक तिथे कंपनं थेट फळ्यांत उतरवतात, आणि अख्खी जमीन स्पीकरबरोबर वाजू लागते. अशा घरात आधी कार्पेटवर टणक बैठक आणि तिच्यावर वजनाला जुळणारे आयसोलेशन पाय, हा खर्च सार्थकी लागतो. स्पाइक आणि रबर एकमेकांवर रचून 'दोन्हीचा फायदा' घेऊ पाहणारे पुष्कळ असतात. स्पाइक रबरात रुततो आणि फायदा कशाचाच होत नाही.

आमच्याकडे टाइल्सवर सुटा गालिचा आहे. काय करावं?

गालिचा पुढे ओढा आणि स्पीकर उघड्या टाइलवर उभे करा. ऐकणाऱ्याच्या आणि स्पीकरच्या मधल्या भागात गालिचा राहिला की ट्विटरच्या परावर्तनांसाठी त्याचं काम होतंच. गालिच्यातून स्पाइक खाली टाइलवर टेकवू नका. टाइल टिचकी मारल्यावर बद्द वाजत असेल तर तिच्याखाली पोकळी आहे, आणि टोकावरच्या वजनाने ती तडकू शकते.

कार्पेटची खरी जाडी कशी मोजायची?

दाभण किंवा विणायची बारीक सुई कार्पेटमध्ये उभी घुसवा, टणक जमिनीला टेकली की लवेच्या वरच्या टोकापाशी नखाने धरा, बाहेर काढून पट्टीवर मोजा. स्पीकरच्या चारही पायांच्या जागी मोजा, कारण जुन्या कार्पेटखालचा फोम कुठे चेपलेला, कुठे नवा असतो. सर्वांत मोठा आकडा धरा. भिंतीजवळ 4-5 सेंमीच्या आत सुई लाकडाला लागली तर ती कार्पेट पकडून ठेवणारी खिळ्यांची पट्टी आहे. तिच्यावर पाय येऊ देऊ नका.

घरात जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप किंवा हीटिंगची वायर गेली असेल, तर आधी नकाशा पाहा. सुईसुद्धा त्यानंतरच.

स्पाइक किती लांब हवेत?

मोजलेल्या जाडीत किमान 5 मिमी मिळवा. इतकी लांबी कॅबिनेटच्या तळाखाली मोकळी दिसायला हवी. म्हणजे 16 मिमी कार्पेटला 21 मिमी किंवा अधिक. कंपनीने दिलेले स्पाइक बऱ्याचदा 15-20 मिमीचे असतात. ते जाड कार्पेटात टेकल्यासारखे वाटतात, पण खरं वजन तळाच्या फळीने लवेवर टाकलेलं असतं. तपासायला एक पोस्टकार्ड तळाखालून सरकवा. ते चारही बाजूंनी मोकळं फिरलं पाहिजे.

आट्यांचा भाग मात्र वेगळा मोजा. इन्सर्टमध्ये, म्हणजे स्पीकरच्या तळात बसवलेल्या आट्यांच्या धातूच्या नळीत, बोल्टच्या व्यासाइतके आटे तरी आत जायला हवेत: एम 8 ला 8 मिमी, एम 6 ला 6 मिमी. फार लांब बोल्टही घातक असतो. तो इन्सर्टच्या तळाला जाऊन टेकला आणि तुम्ही पाना फिरवत राहिलात, तर इन्सर्टच लाकडातून उपटून येतो.

माझ्या स्पीकरला एम 6 लागेल, एम 8 की पाव इंची?

युरोपीय आणि बऱ्याच आशियाई स्पीकरमध्ये एम 6 किंवा एम 8 असतात. अमेरिकी ब्रँडमध्ये पाव इंच, 20 आटे प्रति इंच हे माप पुष्कळ दिसतं. गोंधळ एम 6 आणि पाव इंचात होतो. एम 6 चा व्यास 6 मिमी, पाव इंचाचा 6.35 मिमी. पाव इंची इन्सर्टमध्ये एम 6 सैल जातो आणि खडखडतो. उलट एम 6 च्या इन्सर्टमध्ये पाव इंची बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत अडकतो, आणि जोर केला की आटे मरतात. जुना स्पाइक काढून हार्डवेअरच्या दुकानात न्या, तिथला नट त्यावर बोटांनी फिरवून पाहा. बोटांनी शेवटपर्यंत फिरला तर माप बरोबर. पाना लागला तर चूक.

वजन कॅटलॉगमध्ये दिलेलं आहे. तरी तोलायचं का?

हो, कारण कॅटलॉगमध्ये पुढच्या आणि मागच्या पायांवरचं वजन वेगळं दिलेलं नसतं. घरातला वजनकाटा पुरतो, पण तो कार्पेटवर ठेवू नका. काट्याचे छोटे पाय मऊ थरात रुततात आणि आकडा चुकतो. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराच्या कोरड्या फरशीवर मोजा.

स्पीकरची पुढची कड काट्यावर आणि मागची कड काट्याइतक्याच उंचीच्या पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. आकडा लिहा. मग उलट करा. दोन्हींची बेरीज कॅटलॉगच्या वजनाच्या जवळपास यायला हवी. समजा 24 किलोच्या स्पीकरचे पुढे 14 आणि मागे 10 किलो आले. म्हणजे पुढच्या प्रत्येक पायावर 7 किलो, मागच्यावर 5. पाय विकत घेताना हे दोन आकडे खिशात असले पाहिजेत. हातात ब्रँडची यादी असून हे आकडे नसतील, तर खरेदी अंदाजपंचे होते.

'100 किलोपर्यंत चालतात' असे पाय घेतले तर जास्त भक्कम नाही का?

भक्कम असतील, पण आयसोलेशन देणार नाहीत. स्वस्त पायांत फसगत होते ती बहुतेक याच ठिकाणी, म्हणून थोडं सविस्तर.

रबर किंवा स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनाला स्वतःची एक कंपनसंख्या असते. स्प्रिंग वजनाखाली किती मिलीमीटर दबली यावरून ती काढता येते: 15.8 ला दबलेल्या मिलीमीटरच्या वर्गमुळाने भागा. 1 मिमी दबली तर सुमारे 16 हर्ट्झ, 4 मिमी दबली तर 8, 10 मिमी दबली तर 5. या संख्येच्या साधारण 1.4 पटीच्या वरच्या स्वरांनाच अडवण्याचं काम सुरू होतं. त्याखाली पाय कंपनं उलट वाढवून खाली पाठवतात.

आता 24 किलोच्या स्पीकरखाली 100 किलोसाठी बनवलेले कडक रबर ठेवा. ते जेमतेम पाव मिलीमीटर दबेल, म्हणजे कंपनसंख्या 30 हर्ट्झच्या आसपास. 40 हर्ट्झचा बास स्वर तिच्या फक्त 1.33 पट. गणिताने पाहिलं तर जमिनीत जाणारं बल एक चतुर्थांशाहून जास्त वाढतं. तोच स्पीकर 4 मिमी दबणाऱ्या स्प्रिंगवर ठेवला, तर 40 हर्ट्झला जेमतेम 4-5 टक्के बल खाली पोचतं. रबरात खरी कंपनसंख्या या सूत्रापेक्षा थोडी जास्तच निघते, कारण हलत्या भाराखाली रबर अधिक कडक वागतं. म्हणून रबर निवडताना आकडे थोडे कंजूषपणे वाचा.

जाहिरातीतला आकडा एका पायाचा आहे की चारच्या संचाचा, हेही पाहा. काही विक्रेते प्रत्येक पायाची क्षमता छापतात, काही पूर्ण स्पीकरची. चौपटीचा फरक पडतो.

परवडणाऱ्यांत नक्की काय काय मिळतं?

वॉशिंग मशीनखाली किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटखाली घालतात ते रबर-कॉर्कचे चौकोन सर्वांत स्वस्त. 100 मिमीचा पूर्ण चौकोन 6-7 किलोखाली दबतच नाही. वर सांगितलेला पाव मिलीमीटरवाला दोष इथेच सापडतो. त्याचे 25-30 मिमीचे तुकडे कापले तर क्षेत्रफळ दहा-पंधरा पटींनी घटतं आणि ते जरा काम करू लागतात. तरी हे काम चालवण्यापुरतंच.

सॉर्बोथेनच्या (कंपनं शोषणाऱ्या मऊ, रबरासारख्या पदार्थाच्या) अर्धगोल गुंड्या चांगल्या, पण वजनाला जुळवल्या तरच. त्या वेगवेगळ्या व्यासांत आणि 30, 50, 70 अशा कडकपणाच्या आकड्यांत मिळतात. मोठा आकडा म्हणजे जास्त कडक. वजन ठेवल्यावर गुंडीची उंची 10 ते 20 टक्क्यांनी घटली पाहिजे. 20 मिमीची गुंडी 16-18 मिमी झाली तर बरोबर, 19.5 झाली तर फार कडक, 12 झाली तर ती काही महिन्यांत पसरून बसेल. पुढे 7 आणि मागे 5 किलो असेल तर पुढे एक पायरी कडक गुंडी घेतली की स्पीकर सरळ राहतो. पॉलिश केलेल्या लाकडाला किंवा दगडाला सॉर्बोथेनचा तेलकट डाग पडतो. मध्ये पातळ ॲल्युमिनियमची चकती किंवा प्लास्टिकचा तुकडा घाला.

ऑनलाइन मिळणारे ॲल्युमिनियमच्या दोन वाट्यांमधले स्प्रिंगचे पाय पैशांच्या मानाने उत्तम. यांतल्या काहींत सात छोट्या स्प्रिंगा असतात आणि त्या काढता-घालता येतात. पुढच्या पायांत जास्त, मागच्यांत कमी ठेवून वजन जुळवता येतं. वजन ठेवल्यावर दोन्ही वाट्यांमध्ये फट दिसली पाहिजे, आणि वजन काढल्यावर ती स्पष्ट वाढली पाहिजे. स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकली असतील तर तो नुसता धातूचा ठोकळा झाला. मोठा तोटा असा, की यांतले बरेच आटे नसलेले असतात. स्पीकर त्यांवर फक्त ठेवलेला राहतो. उंच, अरुंद टॉवरला हे नको. खाली प्लिंथ (तळाला जोडलेली रुंद पाटी) असलेल्या रुंद स्पीकरला चालतं.

एसव्हीएस कंपनीचे साउंडपाथ पाय सबवूफरसाठी (फक्त बास वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरसाठी) बनवले आहेत. स्टीलच्या टोपीत रबर, आणि वर आटे. ते टॉवरला लावता येतात आणि बोल्टने पक्के बसतात हा मोठा फायदा. रबर सबवूफरच्या वजनाचा विचार करून घेतलेलं असल्यामुळे 15 किलोच्या हलक्या टॉवरखाली फार अपेक्षा ठेवू नका.

आयसोअकॉस्टिक्स कंपनीचे गाया पाय या यादीत महाग. अमेरिकेत सर्वांत लहान गाया 3 चा चारचा संचही 200 डॉलरच्या पुढे जातो, आणि जोडीला दोन संच लागतात. मर्यादा पूर्ण स्पीकरच्या वजनाला आहेत: गाया 3 ला 32 किलो, गाया 2 ला 54, गाया 1 ला 100. त्यांचा तळ गुळगुळीत टणक पृष्ठभागाला चिकटावा अशी रचना आहे, त्यामुळे जाड कार्पेटवर कंपनी वेगळ्या स्पाइकवाल्या चकत्या विकते. त्या धरूनच हिशोब करा. पायांवरचं चिन्ह पुढे-मागे दिशेत ठेवायचं असतं, हे बसवताना विसरलं जातं.

स्क्वॉशचा चेंडू अर्धा कापून वापरण्याची युक्ती जुनी आहे आणि ती चालते, पण अर्धे चेंडू हळूहळू सपाट होतात. टेनिसचे चेंडू टॉवरखाली नकोतच.

आमचं साधं मोजमाप: पाय आणि बैठक मिळून खर्च स्पीकरच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ लागला की थांबा.

कार्पेटवर घालायची टणक बैठक कशाची करावी?

महाराष्ट्रात ग्रॅनाइटच्या दुकानात जा आणि सिंकसाठी ओट्यातून कापून निघालेले तुकडे मागा. ते दुकानदाराच्या अंगणात पडूनच असतात. 45 × 40 सेंमी, 18 मिमी जाडीचा तुकडा साधारण पावणेनऊ किलो भरतो. कडा घासून, कोपरे थोडे गोल करून घ्या. कडप्पाही चालतो, मात्र त्याच्या कडा सुटतात. इंग्लंडमध्ये बागेच्या सामानाच्या दुकानातली 45 सेंमी चौकोनी काँक्रीटची लादी आणि अमेरिकेत 16 इंची पेव्हर हेच काम स्वस्तात करतात. काँक्रीटची धूळ निघते म्हणून आधी सीलरचे दोन हात मारा.

बैठक स्पीकरच्या तळापेक्षा चारही बाजूंनी किमान 5 सेंमी मोठी हवी. 5 सेंमी व्यासाचे चार पाय थेट कार्पेटवर टेकले तर 25 किलोचा भार सुमारे 78 चौरस सेंमीवर येतो. वरच्या ग्रॅनाइटवर तोच भार दगडाच्या वजनासकट 1800 चौरस सेंमीवर पसरतो, आणि दाब जवळजवळ सतराव्या हिश्श्यावर येतो. म्हणून दगड रुतत नाही आणि कलत नाही.

दगड ठेवल्यावर त्याच्या कोपऱ्यावर आळीपाळीने पाय देऊन पाहा. समोरचा कोपरा उचलला जात असेल तर खालचा फोम फार जाड आहे. तेव्हा पुढचा उपाय.

स्पाइकवाली लाकडी बैठक घरी कशी बनवायची?

एका स्पीकरला लागणारं सामान: 45 × 40 सेंमीचा 25 मिमी मरीन प्लाय (किंवा 12 मिमीचे दोन तुकडे फेव्हिकॉल लावून, रात्रभर वजनाखाली दाबून), एम 8 चे चार टी-नट (लाकडात ठोकायचे, चकती आणि दात असलेले नट), 35-40 मिमी लांबीचे चार स्टेनलेस स्पाइक, चार चेकनट (स्पाइक फिरू नये म्हणून आवळायचे नट). एमडीएफ घेऊ नका. टी-नटाचे दात त्यात नीट धरत नाहीत, आणि ओल लागली की ते फुगतं.

प्रत्येक कोपऱ्यात कडेपासून 30 मिमी आत खूण करा. टी-नटाच्या नळीइतक्या व्यासाचं आरपार भोक पाडा. ते बहुधा 10-11 मिमी येतं, पण आधी टाकाऊ तुकड्यावर पाहा. टी-नट खालच्या बाजूने ठोका, म्हणजे वजन त्याच्या चकतीला लाकडात आणखी घट्ट दाबेल. वरून ठोकलात तर स्पाइकवरचा भार टी-नटाला बाहेर ढकलत राहतो. स्पाइक खालून फिरवा, चेकनट सैल ठेवा. स्पाइकचा वरचा दांडा प्लायच्या वर डोकावला तर तो कापून घ्या.

ही बैठक कार्पेटमधून जमिनीवर पक्की टेकते, आणि तिच्या वरच्या सपाट पृष्ठभागावर कुठलेही आयसोलेशन पाय नीट काम करतात. काँक्रीट असो वा लाकडी जमीन, दोन्हीकडे चालते. महागड्या कार्पेट चकत्यांची गरज राहत नाही.

स्पाइक घालताना कार्पेट फाटणार नाही ना?

कापलेल्या लवेच्या कार्पेटमध्ये भोक दिसतही नाही. धोका फासेवाल्या विणीच्या कार्पेटला. त्यात स्पाइक फिरवत घातला की टोक एका धाग्यात अडकतं आणि अख्खी ओळ उसवत जाते. म्हणून उंची आधी हवेत ठरवा, चेकनट आवळा, आणि मगच स्पीकर सरळ खाली टेकवा. टोक कार्पेटमध्ये असताना काहीही फिरवायचं नाही. उंची बदलायची तर उचला, फिरवा, ठेवा. जाड विणीत टोच्याने आधी धागे बाजूला सारून वाट करून घ्या.

साध्या लोखंडी स्पाइकवरचं पॉलिश निघालं की ते गंजतात आणि फिकट कार्पेटवर तांबूस ठिपका कायमचा राहतो. दोन पैसे जास्त देऊन स्टेनलेस किंवा पितळ घ्या.

पाय बसवण्याचा क्रम कसा ठेवावा?

हे दोघांचं काम आहे. ॲम्प्लिफायर बंद करून वायर सोडा. जमिनीवर रजई अंथरून स्पीकर पाठीवर आडवा ठेवा, आणि मागचे टर्मिनल रजईवर येत असतील तर त्यांच्या दोन्ही बाजूंना उशा घाला. जुने पाय काढा. नव्यांचे बोल्ट बोटांनी आत फिरवा, चारही सारख्या लांबीवर आणा. स्पीकर एका कडेवर टेकवून उभा करू नका. सगळा भार दोन पायांवर येऊन रबर उपटतं किंवा बोल्ट वाकतो. दोघांनी उचलून थेट बैठकीवर ठेवा.

आता कॅबिनेटच्या माथ्यावर पाणसळ ठेवा, आधी आडवी, मग पुढे-मागे. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून त्याच्या शेजारचा पाय, मग समोरचा असं जुळवा. चौथा पाय शेवटी फक्त टेकेपर्यंत. चेकनट आवळा: एम 8 ला 13 चा पाना, एम 6 ला 10 चा. हाताच्या जोराइतकंच, दांडा लांब करून नाही. एका आठवड्याने पाणसळ पुन्हा लावा. कार्पेट तोपर्यंत बसलेलं असतं आणि एखादा कोपरा हमखास खाली गेलेला सापडतो.

नवे पाय लावल्यावर स्पीकर जास्तच झुलतो. पाय खराब आहेत का?

माथा बोटाने एक सेंमी ढकला आणि सोडा. दोन-तीन झोक्यांत थांबला तर ठीक आहे. स्प्रिंगवरचा स्पीकर थोडा हलणारच. पाच-सहा झोके गेले तर स्प्रिंग या वजनाला फार मऊ आहेत किंवा पाय एकमेकांच्या फार जवळ आहेत. पायांत प्रत्येकी एक स्प्रिंग वाढवा, पाय तळाच्या अगदी कोपऱ्यांपर्यंत बाहेर न्या. तिरपा, एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे झुलत असेल तर चारांपैकी एक पाय टेकलेलाच नाही. आणि मधली बैठक काढून पाय थेट कार्पेटवर ठेवले असतील, तर आणखी शोधायची गरज नाही, कारण तेच आहे.

तीन पायांवर डुगडुगणं जातं हे खरं, पण टॉवर तिरपा कलंडायला सोपा होतो. टॉवरला चारच.

घरात लहान मुलं आहेत. हे सुरक्षित आहे?

20 सेंमी रुंद तळ आणि 50 सेंमी उंचीवर गुरुत्वमध्य असलेला स्पीकर बाजूला सुमारे 11 अंश कलला की पडतो. बाहेर निघणारे धातूचे हात, म्हणजे आउटरिगर, लावून रुंदी 30 सेंमी केली तर तोच कोन जवळजवळ 17 अंश होतो. रांगणारं मूल स्पीकर धरून उभं राहतं, त्यामुळे घरात तसं वय असेल तर आउटरिगरशिवाय मऊ पाय लावू नका, आणि आट्यांशिवायचे स्प्रिंगचे पाय तर अजिबात नाही. मागच्या भिंतीला फर्निचरचा पट्टा बांधणं दिसायला वाईट आहे, तरी बांधा.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची तक्रार थांबेल का?

लाकडी जमीन असेल तर थोडी कमी होईल. काँक्रीटच्या इमारतीत फारशी नाही. तिथे बास मुख्यतः हवेतून भिंती आणि स्लॅबला हलवून जातो, पायांतून नव्हे. आवाज कमी करणं आणि रात्री 60 हर्ट्झखालचा भाग इक्वलायझरने उतरवणं, एवढंच खरं चालतं.

फरक पडला की नुसता मनाचा खेळ, हे कसं कळणार?

मोबाइलवर फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. ते जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलं आहे आणि फोनमधल्या कंपनमापकाची नोंद दाखवतं. फोन स्पीकरपासून अर्ध्या मीटरवर, कार्पेटवर न ठेवता उघड्या जमिनीवर किंवा जड लाकडी तुकड्यावर ठेवा. 40, 50 आणि 63 हर्ट्झचे शुद्ध स्वर एकाच आवाजावर अर्धा-अर्धा मिनिट वाजवा. पाय बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे लिहून ठेवा, फोनची जागा आणि आवाजाची पातळी न हलवता. आकडा निम्म्यावर आला तर पाय काम करत आहेत. तिन्ही स्वरांना तो तसाच राहिला किंवा 40 ला वाढला, तर पाय फार कडक आहेत, आणि विक्रेत्याची परत घेण्याची मुदत अजून उरली असेल.

ऐकून तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवा: बैठक आणि पाय मिळून स्पीकर 6-8 सेंमी वर गेलेला असतो. ट्विटर कानाच्या उंचीपासून सरकतो आणि त्याने बदललेला आवाज पायांच्या नावावर जमा होतो. बसल्यावर कान साधारण 90 ते 100 सेंमीवर असतात. गरज पडली तर स्पीकरची पुढची बाजू एखादा मिलीमीटर खाली घेऊन ट्विटर कानाकडे वळवा.

माझ्या स्पीकरचा पोर्ट (बासची हवा आत-बाहेर करणारं भोक) खालच्या बाजूला उघडतो.

मग कंपनीने सांगितलेलं तळ आणि जमिनीमधलं अंतर पाळणं आधी. ते बदललं की पोर्टचा सूर बदलतो. टणक बैठक इथे दुप्पट उपयोगी, कारण पोर्टसमोर लव नसते. अंतर लवेच्या टोकापासून नव्हे, बैठकीच्या पृष्ठभागापासून मोजा.

मुंबई, कोकण, गोव्याकडे पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

दगडाखाली कार्पेटला हवा लागत नाही. तळमजल्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीजवळ तिथे बुरशी धरते आणि आधी वास येतो. जूनच्या सुरुवातीला आणि पावसाळ्यात महिन्याभराने एकदा बैठक उचलून खालचं कार्पेट पंख्याखाली वाळवा. स्पाइकवाल्या प्लायखाली हवा खेळते, म्हणून ओलसर खोलीत तो दगडापेक्षा बरा. प्लायच्या कापलेल्या कडांना पॉलिश किंवा रंगाचे दोन हात आधीच मारा.

भाड्याचं घर सोडताना कार्पेटवर खोल खड्डे उरलेत. काय करावं?

खड्ड्यात बर्फाचा खडा ठेवा आणि पूर्ण वितळू द्या. पाणी टिपून घ्या, मग चमच्याच्या मागच्या बाजूने लव उलट दिशेने उचला आणि हेअर ड्रायर लांबून फिरवा. लोकर आणि नायलॉनची लव बहुधा उठते, पॉलिप्रॉपिलीनची कमी. स्पाइकची भोकं लव विंचरली की झाकली जातात. दगडाने चेपलेला मोठा चौकोन मात्र एका दिवसात वर येत नाही, म्हणून बैठका घर सोडायच्या दोन आठवडे आधी काढा.